हडळीचे पाय

गेल्या गुरुवारी रात्री पावणेदोनला मी ओट्यापाशी उभी राहून शेवग्याच्या शेंगा मोडत होते. पंखा बंद, फ्रिजचा प्लग काढलेला, खिडकीला दोन गोधड्या टांगलेल्या. शेंग ओल्या फडक्यात गुंडाळायची, माईक वीतभर अंतरावर ठेवायचा आणि दोन्ही हातांनी पीळ देत देत ती मोडायची. नुसतीच मोडली तर वाळकी काडी मोडल्यासारखं वाजतं. पीळ दिला की आधी साल तडकते, मग आतले दोर एकेक करून तुटतात, आणि ऐकणाऱ्याला तो आवाज स्वतःच्या मनगटात जाणवतो. परदेशात हाड मोडल्याच्या आवाजासाठी सेलरीचे देठ वापरतात. मी कोबी, गाजर, अळूचे देठ, उसाचं पेर, सगळं करून पाहिलंय. शेवग्याची सर कशालाच नाही. फक्त शेंग आदल्या दिवशीची हवी, कोवळी शेंग पाणचट वाजते.

कळव्यात आमचं घर रुळांपासून लांब नाही. शेवटची लोकल गेली की सगळं निवांत होईल असं वाटतं, पण मेलगाड्या आणि मालगाड्या रात्रभर चालूच असतात. दोन गाड्यांच्या मधली तीन-चार मिनिटं काय ती आपली. त्यातही कुत्री भुंकतात, लिफ्ट हलते, कुणाच्या तरी घरात फ्लश होतो. माझ्या फिल्ममधले बहुतेक आवाज असे दोन गाड्यांच्या फटीत रेकॉर्ड केलेले आहेत.

हे सगळं आज लिहायला बसले त्याला कारण आहे. मागच्या महिन्यात ऐरोलीहून एका मुलाचा फोन आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझं भयकथांचं पुस्तक वाचून कुठून तरी नंबर मिळवला होता. म्हणाला, "ताई, मला हॉरर शॉर्टफिल्म करायची आहे. कॅमेरा कुठला घेऊ?" त्याचं उत्तर सोपं होतं. हातातला फोन पुरे आहे, पैसे माईकवर घाल. चित्र थोडं खरखरीत असलं तर प्रेक्षक चालवून घेतो, पण आवाज फुटका असला की पहिल्या मिनिटाला उठून जातो. मग त्यानं पुढचा प्रश्न विचारला: "आणि भूत कुठलं घेऊ?"

मी गप्प झाले. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतंच. म्हणून इथे लिहितेय, जरा लांबण लागेल.

माझं लहानपण ठाण्यात चरईतल्या चाळीत गेलं. बाबा मराठी ग्रंथसंग्रहालयाचे सभासद होते. १८९३ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय आम्हाला घराच्या माळ्यासारखं होतं, जाऊन हात घातला की काहीतरी सापडणारच. तिथून बाबांच्या कार्डावर नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा घरी यायच्या. पुस्तकांची पानं मऊ पडलेली, कोपरे दुमडलेले, कुठे कुठे आधीच्या वाचकाची पेन्सिल. धारपांनी मला शिकवलं ते हे, की भीती परसदारी, माजघरात, रोजच्या बोलण्यात आणून बसवता येते, त्याला वाडा आणि वटवाघळं लागत नाहीत. मतकरींच्या कथांनी शिकवलं की भूत बऱ्याचदा माणसाच्या आतच असतं आणि शेवटच्या परिच्छेदापर्यंत ते त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं. मे २०२० मध्ये मतकरी कोरोनाने गेल्याचं कळलं, तेव्हा मला घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. टाळेबंदी होती, बाहेर पडणं शक्य नव्हतं. त्या रात्री मी त्यांची एक कथा मोठ्यानं वाचली. घरातल्या सगळ्यांनी न बोलता ऐकली.

आणखी एक शाळा होती, पारसिकचा बोगदा. डोंबिवलीला मावशीकडे जाताना फास्ट लोकल मिळाली की ती बोगद्यातून जायची. एक किलोमीटरहून लांब, १९१६ सालचा बोगदा. गाडी आत शिरली की कानाला दडे बसायचे, डब्यातलं बोलणं एकदम थांबायचं आणि दारात उभ्या असलेल्या बायका आत सरकायच्या. बाहेर बघण्यासारखं काही नसायचं, तरी सगळ्या बाहेरच बघायच्या. भीतीची सुरुवात कानापासून होते, हे मला आठव्या-नवव्या वर्षी त्या बोगद्यात कळलं. नाव मात्र पुष्कळ उशिरा देता आलं.

पहिली भयकथा मी बावीसाव्या वर्षी लिहिली. मराठीत भयकथा लिहिणाऱ्याला दिवाळी अंक हीच पहिली पायरी. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून नवख्या माणसाची गोष्ट छापून यायची सगळ्यात मोठी संधी म्हणजे दिवाळी. माझी कथा एका छोट्या अंकात आली. कथा हडळीची होती. आमच्या गावाकडे, संगमेश्वर तालुक्यात, एका सड्यावर, म्हणजे कातळी माळावर, ती दिसते असं लहानपणापासून ऐकलेलं. पांढरं लुगडं, मोकळे केस, उलटे पाय. माझ्या कथेत ती रात्रीच्या वाटसरूला हाक मारते आणि शेवटी गावचा भगत तिला बाटलीत बंद करतो. मला वाटलं, झकास जमलीय.

आजीला वाचता येत नव्हतं. दिवाळीत मी तिला कथा वाचून दाखवली. ती वाती वळत होती. ऐकताना तिचे हात थांबले नाहीत. कथा संपल्यावर तिनं विचारलं, "तू बघितलंस काय गो तिला?"

"नाही गं, गोष्ट आहे."

"मी बघितलंय. ती माझी धाकटी बहीण."

मग तिनं सांगितलं. बहीण एकोणीस वर्षांची. पहिलंच बाळंतपण, श्रावण महिना, पाऊस कोसळत होता. कळा सुरू होऊन एक दिवस गेला तरी मोकळी होईना. घरच्यांनी भगताला बोलावलं. त्यानं बाधा आहे म्हणून रात्रभर अंगारा, लिंबू, धूर केला. ती रात्र गेली. सकाळी डोली बांधली आणि चौघे जण तिला घेऊन तालुक्याच्या दवाखान्याकडे निघाले. सडा ओलांडता ओलांडता ती गेली. पोटातलं मूलही गेलं. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते असं सगळा गाव मानतो, त्यामुळे महिन्याभरात ती सड्यावर दिसायला लागली. आधी दिसली ती भगताला. मग सगळ्यांनाच.

आजीनं बहिणीचं नाव सांगितलं. मी ते पहिल्यांदाच ऐकत होते. घरात एवढ्या वर्षांत कुणी ते उच्चारलं नव्हतं. पोरांना घाबरवायला ती होती, पण नावानं नव्हती.

"आणि तू तिला भगताच्या बाटलीत घातलंस," आजी म्हणाली. रागानं नाही. वात पूर्ण करून तिनं ताटलीत ठेवली.

ती कथा मी पुन्हा कुठल्याही संग्रहात घेतली नाही. त्या दिवसापासून काहीही लिहायच्या आधी मी एकच गोष्ट विचारते: याचं काय राहिलं? आपल्याकडची भुतं नीट पाहिली तर प्रत्येकाचं काहीतरी राहिलेलं असतं. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंजीआधी गेलेला मुलगा, त्याचं अख्खं आयुष्य राहिलं. गिऱ्हा पाण्यात बुडालेल्याचा, त्याला कुणी हात दिला नाही. समंधाचा जीव त्यानं पुरून ठेवलेल्या धनात अडकलेला. आणि हडळ म्हणजे जिला वाचवता आलं असतं अशी बाई. गाव तिला घाबरतं कारण गावाला ठाऊक असतं. ऐरोलीच्या त्या मुलाला मला हेच सांगायचं होतं. भूत निवडू नकोस. तुझ्या आजूबाजूला कुणाचं काय राहिलंय ते बघ, भूत आपोआप मिळेल.

फिल्मकडे मी वळले ते डीएसएलआर कॅमेरे आल्यावर. त्याआधी कॅमेरा म्हणजे भाडं, भाडं म्हणजे पैसे, आणि पैसे नव्हते. मी तेव्हा वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात अकाउंट्स बघायचे, आता रबाळ्याच्या एमआयडीसीत तेच काम करते. घर त्या पगारावर चालतं आणि फिल्म दिवाळीच्या बोनसवर. पहिली फिल्म अकरा हजारांत झाली, नऊ मिनिटांची. कॅमेरा मित्राचा, घर आमचं, नटी माझी कॉलेजची मैत्रीण. रक्तासाठी साखरेचा एकतारी पाक केला, त्यात खायचा लाल रंग, चिमूटभर कोको आणि निळ्या रंगाचा एक थेंब. कोकोनं रंग दाट होतो आणि निळ्यानं लाल रंग भडक न दिसता खोल दिसतो. पडद्यावर सुरेख दिसलं. पण मे महिना होता, मैत्रीण फरशीवर पडलेली, आणि पाचव्या टेकला मुंग्यांची रांग तिच्या मानेपर्यंत पोचली. तिनं डोळे मिटून शॉट पुरा होऊ दिला. एक शब्द बोलली नाही. कट म्हटल्यावर आम्ही तिला बाथरूममध्ये नेलं, मान लालभडक झाली होती. तेव्हापासून रक्तात साखर घालत नाही, ग्लिसरीन वापरते. आणि नटाला काहीही लावायच्या आधी ते एक दिवस स्वतःच्या हातावर लावून बघते.

दुसरी मोठी फिल्म नौपाड्यातल्या एका इमारतीवर सुचली. ठाणे महापालिका दरवर्षी पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी लावते. त्यात सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करायची. ओळखीच्या कुटुंबाची इमारत सी-१ मध्ये गेली होती. एकेक बिऱ्हाड भाड्याच्या घरात जात होतं. तळमजल्यावरच्या आजी मात्र निघायला तयार नव्हत्या. मी तिथे बरेच दिवस जाऊन बसायचे. वीज तोडलेली असूनही त्यांना दुपारी वरच्या मजल्यावरची बेल ऐकू यायची. "तिसऱ्या मजल्यावरची सून आली शाळेतून," असं त्या सहज सांगायच्या. मला तयार गोष्टच मिळाली. शेवट मी असा लिहिला होता की रात्री इमारत कोसळते आणि ढिगाऱ्याखालून बेल वाजत राहते.

शूटिंग मे २०१३ मध्ये ठरलं होतं. ४ एप्रिलला शिळफाट्याजवळची बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली. ७४ माणसं गेली. त्यांत लहान मुलं होती, तिथेच काम करणारी आणि तिथेच राहणारी कुटुंबं होती. कळव्याहून ते ठिकाण किती जवळ! दोन दिवस सायरन ऐकू येत होते. संध्याकाळी मी पटकथा काढली आणि शेवटची चार पानं फाडली. ढिगाऱ्याखालून येणारा आवाज हा आता माझ्यासाठी भीतीचा खेळ राहिला नव्हता, तो आमच्या शेजारचा आवाज होता. नवा शेवट लिहायला तीन महिने लागले. त्यात काहीच कोसळत नाही. कॅमेरा फक्त जिन्यातून वर जातो. प्रत्येक दारावरची नावाची पाटी काढलेली आहे आणि जिथे पाटी होती तिथे भिंतीचा मूळ रंग चौकोनात शिल्लक आहे. सगळ्यात वरच्या मजल्यावर एक पाटी अजून आहे आणि ती नुकतीच पुसलेली आहे. सी-१ इमारतीत आम्ही कुणाला घेऊन गेलो नाही, बाहेरचे शॉट तिथे आणि जिना शेजारच्या इमारतीत. हे मुद्दाम सांगते, कारण शॉट चांगला यावा म्हणून पडक्या इमारतीत पोरं नेणारे लोक मी पाहिलेत.

लोकेशनवरून आठवलं. दर वर्षी कुणीतरी सुचवतंच, "ठाण्याचं मनोरुग्णालय किती भारी लोकेशन आहे, १९०१ सालचं, एक फिल्म कर ना तिथे." मी करणार नाही. आजारी माणसाला भूत करणं म्हणजे मी बावीसाव्या वर्षी केलेली चूक पुन्हा करणं.

२०१३ सालीच, २० ऑगस्टला, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, ज्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं होतं. पुढे एका कॉलेजात मी फिल्म दाखवायला गेले असता एका विद्यार्थिनीनं उभं राहून विचारलं, "तुमच्या फिल्ममुळे अंधश्रद्धा वाढत नाही का?" प्रश्न रास्त होता आणि तिला तो विचारायला धीर लागला असणार, कारण तिचे सर पुढच्याच रांगेत बसले होते. मी तिला आजीच्या बहिणीची गोष्ट सांगितली. आणि सांगितलं की माझ्या कुठल्याही कथेत भगत, मांत्रिक, बाबा जिंकत नाही. भूत असेल तर ते माणसांनी केलेल्या कुठल्या तरी गोष्टीतून आलेलं असेल, आणि ती गोष्ट माणसांनाच निस्तरावी लागेल. भीती दाखवणं वेगळं आणि त्या भीतीवर कुणाचं तरी दुकान उघडून देणं वेगळं. ही रेघ मी पाळत आलेय. कधीकधी त्यामुळे कथेचा सोपा शेवट हातचा जातो. जाऊ दे.

आता लिहिणं आणि फिल्म या दोन्हींबद्दल, कारण त्या मुलाला पुस्तकही लिहायचंय. मला विचाराल तर लिहिणं जास्त कठीण. "दार उघडं होतं" एवढंच वाक्य कागदावर लिहिलं की वाचणारा स्वतःच्या घरातलं दार घालतो, त्याच्या कडीसकट. ही कागदाची ताकद आहे. पण तीच अडचणही आहे, कारण एक शब्द जास्त झाला की दार तुमचं होतं आणि भीती जाते. "भयाण", "विचित्र", "अंगावर काटा आला" हे शब्द मी पहिल्या खर्ड्यात लिहिते आणि दुसऱ्या खर्ड्यात शोधून शोधून काढते. त्या जागी रोजची गोष्ट किंचित हललेली ठेवते. रात्री चार चपला काढून ठेवल्या होत्या, सकाळी त्या सरळ लावलेल्या आहेत. बस्स. फिल्ममध्ये मात्र दार कुठलं ते तुम्हालाच ठरवावं लागतं. रंग, कडी, उंची, सगळं. तिथे वाचकाची कल्पना मदतीला येत नाही, म्हणून मी आवाजाकडे जाते. आवाजाला अजून तरी चेहरा नसतो, तो बघणाऱ्यालाच द्यावा लागतो.

तीन कथासंग्रह झाले. पहिला मी स्वतःच्या पैशानं काढला, पाचशे प्रती. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा क्रमांक, फुकट मिळतो, त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका. विक्रेत्याची सूट, टपाल, परत आलेल्या मळक्या प्रती हे सगळं वजा करता हातात थोडंच राहतं. पण तिसरं वर्ष संपेतो पाचशेही गेल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्या तरी मी स्वतः लोकांच्या हातात दिल्या होत्या.

सगळ्यात महागात पडलेला धडा कागदपत्रांचा. एका निर्मितीसंस्थेनं माझी एक कथा घेतली. इंग्रजीतला दोन पानी करार, पंधरा हजार रुपये. मी आनंदात सही केली. दोन वर्षं काहीच हललं नाही. मग मला ती कथा स्वतः करायची होती, तर उत्तर आलं की हक्क आमच्याकडे आहेत. मी रडले, भांडले, काही उपयोग झाला नाही. शेवटी ठाणे कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या एका वकीलबाईंना करार दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, दोन पानं वाचली आणि म्हणाल्या, "यात मुदत कुठे लिहिलीय?" कुठेच नव्हती. मग त्यांनी मला कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १९ वाचून दाखवलं. करारात वेगळं काही म्हटलं नसेल आणि घेणाऱ्यानं एका वर्षात हक्क वापरले नाहीत, तर ते हक्क मूळ लेखकाकडे परत येतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. कुठल्या प्रदेशापुरते ते लिहिलेलं नसेल तर फक्त भारतापुरते. वकीलबाईंनी एक पत्र लिहिलं. तीन आठवड्यांत माझी कथा मला परत मिळाली. तुम्ही लिहीत असाल तर ते कलम एकदा स्वतः वाचाच. आणि पटकथा कुणाला पाठवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा.

वकीलबाईंकडून घरी येताना मला जॉर्ज रोमेरो आठवत होते. पिट्सबर्गमध्ये मित्रांना घेऊन त्यांनी १९६८ साली 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड' केली, सव्वा लाख डॉलरच्याही आत. कृष्णधवल फिल्म, म्हणून रक्ताच्या जागी चॉकलेटचं सिरप. आजचा झॉम्बी सिनेमा तिथून सुरू झाला. पण वितरकानं आयत्या वेळी नाव बदललं, जुन्या नावाच्या पट्टीवर कॉपीराइटची ओळ होती, नव्या पट्टीवर ती घालायची राहिली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात ती ओळ नसली की हक्क गेलाच. फिल्म सार्वजनिक झाली. जगभर कुणीही ती दाखवली, विकली आणि करणाऱ्यांच्या हाती त्यातलं फारसं आलं नाही. एक ओळ. आता मी कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी तो कागद एक रात्र घरी ठेवते.

आणि आता पहिली पूर्ण लांबीची फिल्म. शंभर मिनिटांची, पगारातून आणि अकरा मित्रमैत्रिणींच्या पैशांतून झालेली. 'तुंबाड' हा भयपट २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि आधीपेक्षा जास्त चालला, तेव्हापासून लोक मराठी मातीतल्या भीतीबद्दल फोन करून विचारतात. आमच्या फिल्मला त्याचा उपयोग झाला हे खरं. आवाजाचं काम पुढच्या महिन्यात संपेल. मग सेन्सॉर. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए, म्हणजे मुलांनी पालकांच्या देखरेखीत बघायच्या फिल्मच्या प्रमाणपत्राचे तीन भाग झालेत, सात, तेरा आणि सोळा वर्षांवरचे. आमची सोळात बसेल असा माझा अंदाज आहे.

ही फिल्म आजीच्या बहिणीची आहे. आजी आता नाही. गोष्टीत ती एकोणीस वर्षांचीच आहे आणि तिला नाव आहे. हे फक्त जुन्या काळचं आहे असं कुणी समजू नये. पालघर जिल्हा २०१४ पर्यंत आमच्या ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. तिथल्या डोंगरातल्या पाड्यांवरून गरोदर बायकांना डोलीतून रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या अजूनही पावसाळ्यात छापून येतात. मी त्या कापून एका फायलीत ठेवते. फाईल जाड होत चाललीय.

डोलीचा प्रसंग आम्ही गावीच शूट केला, त्याच सड्यावर, जुलैमध्ये. डोली बांधायला गावातले एक आजोबा आले, ऐंशीच्या पुढचे. आमच्या आर्ट डायरेक्टरनं मोबाईलवर फोटो दाखवून डोली बांधायला घेतली होती. आजोबांनी ती सोडवली. बांबू बदलला, सुंभ भिजवून घेतलं, गाठी स्वतः मारल्या. मग नटी डोलीत झोपली आणि चौघांनी उचलली. कॅमेऱ्याला तिचा चेहरा दिसावा म्हणून मी पाय पुढे, डोकं मागे असं ठरवलं होतं.

"तसं नाय," आजोबा म्हणाले. "जित्या माणसाचं डोकं पुढं."

"आणि पाय पुढे कधी घेतात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वाटेत गेलं, तर तिथंच डोली खाली ठेवायची. आपण मागं फिरायचं. मग पाय पुढं करून घरला आणायचं."

मी विचारलं नाही की ते असे किती वेळा मागे फिरले होते. ते स्वतःहून म्हणाले, "दोनदा."

आम्ही त्या दिवशी शूटिंग थांबवलं. रात्री कंदिलाच्या उजेडात मी प्रसंग पुन्हा लिहिला. सकाळी पावसाची झड असतानाच घेतला, एकाच शॉटमध्ये, संवाद नाही, संगीत नाही. चौघे जण सडा ओलांडून येतात. बांबू कुरकुरतो. मधेच पुढचा माणूस थांबतो, मागे वळून बघत नाही, नुसता थांबतो. डोली खाली ठेवतात. कुणी काही बोलत नाही. चौघे जागच्या जागी मागे वळतात आणि डोली उचलतात, घोंगडीच्या टोकातून आता पाय पुढे दिसतात, आणि आल्या वाटेनं परत निघतात.

मागे उभी असलेली गावातली एक बाई शॉट संपल्यावर पदर तोंडाला लावून म्हणाली, "म्हणून होय गो तिचे पाय उलटे."